एका शहरात दोन पाऊस : सांताक्रूझ ९४४, कुलाबा ७३

दुपारी चारच्या सुमारास कचेरीतला फोन वाजला. पलीकडे आई. म्हणाली, "अरे, मोरीतून पाणी वर येतंय." मी फोर्टात तिसऱ्या मजल्यावर प्रुफं तपासत बसलो होतो. खिडकीबाहेर आषाढातला नेहमीचा पाऊस, रस्त्यावर छत्र्या, कोपऱ्यावरचा चहावाला जागेवर. मी म्हणालो, "मोरीच्या भोकात फडका कोंब आणि वर पाटा ठेव. मी निघतोच तासाभरात."

फोन कलिन्याहून, उपनगरातल्या आमच्या घरून होता. तारीख २६ जुलै २००५, वार मंगळवार. फडका कोंबण्याचा तो सल्ला आठवला की अजून ओशाळायला होतं. पण मुंबईच्या त्या महापुरात जे काही चुकलं त्याचा छोटा नमुना त्या फोनमध्येच आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. एकाच शहरात, एकाच मिनिटाला दोन माणसं पावसाबद्दल बोलत होती आणि दोघं वेगवेगळ्या पावसाबद्दल बोलत होती.

दोन वह्या

मुंबईचा पाऊस हवामान खातं मुख्यतः दोन ठिकाणी मोजतं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १८२६ सालची. सांताक्रूझची त्या मानाने तरुण. तिचं पर्जन्यमापक विमानतळाच्या आवारात आहे, म्हणजे आमच्या कलिन्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. दोन्ही वेधशाळांमध्ये वीस-बावीस किलोमीटरचं अंतर.

खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजून त्या दिवसाच्या रकान्यात मांडतात. त्यामुळे ज्याला सगळी मुंबई 'सव्वीस जुलै' म्हणते तो पाऊस वहीत २७ तारखेला बसलेला आहे. सांताक्रूझच्या वहीत त्या सकाळी लिहिलं गेलं : ९४४.२ मिलिमीटर. कुलाब्याच्या वहीत : ७३.४.

जवळपास तेरा पट फरक. मधल्या जागांचे आकडे पाहिले तर चित्र आणखी विचित्र दिसतं. विहार तलावावर हजार मिलिमीटरच्या वर, भांडुपला आठशेच्या वर, आणि विहारच्या शेजारीच त्याच जंगलात असलेल्या तुळशी तलावावर सहाशेच्या आसपास. मलबार हिलवर पंचाहत्तर. वीस-तीस किलोमीटर रुंदीचा एक पट्टा पावसाने धरला आणि त्याच्या बाहेर दक्षिणेला आषाढातला साधा दिवस चालू राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून वर्तमानपत्रांत 'देशातला सर्वांत मोठा पाऊस', 'चेरापुंजीला मागे टाकलं' असे मथळे आले. ते बरोबर नव्हतं. चेरापुंजीला १६ जून १९९५ रोजी एका दिवसात १,५६३ मिलिमीटर नोंदलेले आहेत आणि लक्षद्वीपमधल्या अमिनी बेटावर ६ मे २००४ ला १,१६८. पण चेरापुंजी डोंगरकड्यावरचं गाव आणि अमिनी इवलंसं बेट. कोटभर वस्तीच्या शहरावर, डांबर-काँक्रीटवर, ऐन कामाच्या दिवशी इतकं पाणी पडणं ही गोष्ट निराळी. तिला चेरापुंजीशी शर्यत लावायची गरज नव्हती.

मुंबईचा आधीचा विक्रम कोणाकडे होता? कुलाब्याकडे. ५ जुलै १९७४ ला कुलाब्याला ५७५.६ मिलिमीटर नोंदले गेले आणि त्याच दिवशी सांताक्रूझला ३७५.२. म्हणजे त्या वेळी जोर दक्षिणेला होता. १९७४ च्या पावसाची आठवण सांगणारी म्हातारी माणसं गिरगाव-भायखळ्याची निघतात आणि २००५ ची सांगणारी कुर्ला-कलिन्याची, ते यामुळेच. 'मुंबईचा विक्रम' असा एकच रकाना कधी नव्हताच, दोन वह्या होत्या.

दहा बाय दहाची खोली

मिलिमीटरमध्ये आकडा सांगितला की डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून मी हा हिशेब चाळीतल्या खोलीवर करतो. दहा फूट बाय दहा फूट, वर छप्पर नाही असं धरा. ९४४ मिलिमीटर म्हणजे तेवढ्या जागेत सुमारे ८,८०० लिटर पाणी. सोसायटीत येतो त्या दहा हजार लिटरच्या टँकरला थोडंसंच कमी. प्रत्येक खोलीवर जवळजवळ एक टँकर, प्रत्येक खोलीएवढ्या रस्त्यावर एक टँकर, विमानतळाच्या धावपट्टीवर किती ते तुम्हीच मोजा. पुण्यात अख्ख्या वर्षात पडतो त्याहून हा एका दिवसाचा पाऊस जास्त. सांताक्रूझची स्वतःची जुलै महिन्याची सरासरी साडेआठशेच्या आतबाहेर आहे, तीही त्याने एका दिवसात ओलांडली.

आणि खरं तर 'एका दिवसात' हेही नीट नाही. सकाळी काही विशेष नव्हतं. आई सकाळी बाजारात जाऊन आली होती. दुपारी दोन-अडीचला आभाळ काळं झालं, वीज कडाडायला लागली. हे तिने नंतर मुद्दाम सांगितलं, कारण जुलैत मुंबईचा पाऊस सहसा गडगडत नाही, मुकाट्याने पडत राहतो. अडीचनंतरच्या काही तासांत निम्म्याहून अधिक पाऊस पडून गेला. सर्वांत जोराच्या एका तासात १९० मिलिमीटर.

त्या एका तासाचा हिशेब त्याच खोलीवर करून पाहा. तासाला सुमारे १,७५० लिटर. आता गटाराकडे वळू. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधल्या होत्या, तेही ओहोटीच्या वेळी, आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. म्हणजे आपल्या खोलीवरच्या १,७५० लिटरपैकी गटार नेणार शंभर-सव्वाशे. मुरायला जमीन उरली होती कुठे? कलिन्यात मी लहान असताना मोकळ्या जागा होत्या, चिखल व्हायचा, बेडूक ओरडायचे. २००५ पर्यंत सगळीकडे फरशा.

ढगफुटी हा शब्द

लोक ढगफुटी म्हणतात. तासाला शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस हा ढगफुटीचा रूढ निकष, त्यात हा दिवस बसतो. तरी मला तो शब्द फसवा वाटतो. वर कुठेतरी भरलेली पखाल होती आणि ती फाटली, असं त्यातून वाटतं. त्या दिवशी पखाल सतत भरली जात होती. बंगालच्या उपसागराकडचा कमी दाब मध्य भारताकडे सरकलेला, त्याने अरबी समुद्रावरचं दमट वारं किनाऱ्याकडे ओढून घेतलेलं, आणि उपनगरांवर गडगडाटी ढगांचे मनोरे पंधराएक किलोमीटर उंचीपर्यंत चढलेले. एक ढग रिता होईतो त्याच जागी दुसरा उभा राहत होता. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या त्या वेळच्या संगणकी प्रारूपांना एवढ्या लहान जागेतलं एवढं मोठं प्रकरण दिसलं नाही. नंतर बारीक जाळीची, म्हणजे छोट्या छोट्या चौकोनांत हिशेब करणारी प्रारूपं चालवून पाहिल्यावर ते बऱ्यापैकी उमटलं, पण तोवर काय उपयोग. ढगांतला पाऊस आणि वारा दुरून टिपणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत चालू नव्हतं.

त्याच आवर्तनात कोकणानेही मार खाल्ला. महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या लालबाग-परळच्या कितीतरी घरांची मुळं त्या बाजूला आहेत. पण त्या आठवड्यात कॅमेरे मुंबईत अडकले होते आणि जुईची बातमी आतल्या पानावर राहिली. मुंबईच्या प्रकरण अभ्यासात हा परिच्छेद विषयांतर आहे हे मला कळतं. तरी तो काढणार नाही.

मोरीतून वर

आईच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती, ती मला कित्येक महिन्यांनी उमगली. पाणी दारातून आलं नाही. आधी मोरीतून आलं.

त्या दिवशी दुपारी चारच्या जरा आधी ४.४८ मीटरची भरती होती. मुंबईचं पावसाचं पाणी ज्या तोंडांतून समुद्रात किंवा खाडीत पडतं त्यांना महापालिकेच्या भाषेत पातमुखं म्हणतात. अशी १८६ पातमुखं. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. भरती आली की या शहराच्या गटारांची तोंडं समुद्र बाहेरून दाबून धरतो. वरून तासाला १९० मिलिमीटर आणि खालून समुद्र, मग मधल्या पाण्याने जायचं कुठे? जिथे भोक असेल तिथून वर. आमच्या तळमजल्यावर ते भोक म्हणजे मोरी. मी म्हणे त्यात फडका कोंबायला सांगत होतो.

आणि मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी अठराएक किलोमीटरची नदी. २००५ च्या आधी तिला नदी म्हणताना मी कोणालाच ऐकलं नव्हतं, सगळे 'नाला' म्हणायचे. ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, तिथे तिला काटकोनात वळवलेलं आहे. काठावर कारखाने, भंगाराची गोदामं, झोपड्या. खाली मुखाशी, जिथे तिला पसरायला तिवरांची दलदल होती, तिथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. गरिबाच्या झोपडीला अतिक्रमण म्हणायचं आणि सरकारी भरावाला विकास, ही आपली जुनी सवय. पाण्याला दोन्हीत फरक कळला नाही. विहार भरून वाहू लागला, मिठी काठ सोडून बैलबाजार, क्रांतीनगर, कुर्ला, कलिना, धारावी असं शिरत गेली, आणि संध्याकाळपर्यंत सखल भागांत पाणी पहिल्या मजल्याला लागलं.

आई तोवर वर गेली होती, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. नेताना काय नेलं? देव्हाऱ्यातले देव, रेशनकार्ड आणि बाबांचा फोटो. रात्री अंधारात खालून ठक् ठक् असा आवाज येत होता. सगळ्यांना वाटलं कोणी अडकलंय, दार वाजवतंय. काकूंच्या मुलाने जिन्यावरून बॅटरी मारली. आमचा अर्धा रिकामा गॅस सिलिंडर तरंगत येऊन आतून दाराला धडका देत होता.

टाऊनला कोरडं होतं

उपनगरातली माणसं दक्षिण मुंबईला 'टाऊन' म्हणतात. मंत्रालय टाऊनला. महापालिकेचं मुख्यालय टाऊनला. पोलीस आयुक्तालय टाऊनला, दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं टाऊनला, मोठ्या बँका टाऊनला. सकाळी लाखो माणसं उपनगरांतून टाऊनला येतात आणि संध्याकाळी परत जातात. २६ जुलैला पाऊस पडला उपनगरांत आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे ते बसले होते तिथे ७३ मिलिमीटर.

या प्रकरणाची माझ्या मते हीच गाठ आहे. नाले अरुंद होते, मिठी बुजवली होती, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, सगळं खरं. त्यांतल्या कशालाही त्या दुपारी उपाय नव्हता. पण जोराचा पाऊस अडीचला सुरू झाला आणि कचेऱ्या सुटल्या पाच-साडेपाचला. मधले तीन तास सांताक्रूझच्या मापकात पाणी चढत होतं आणि टाऊनमधल्या कोणत्याच कचेरीत कोणी सांगितलं नाही की आज जाऊ नका, इथेच थांबा. लोक निघाले. कोरड्या जागेतून निघून पाण्यात शिरले. गाड्या बंद पडल्या, लोकल जिथल्या तिथे उभ्या, मोबाइल मुके, उपनगरांत वीज गेलेली. काही माणसं स्वतःच्याच मोटारीत काचा-दारं न उघडल्याने गुदमरून गेली. शाळांत मुलं रात्रभर अडकली. विमानतळ तीस तासांहून अधिक बंद राहिला.

मी स्वतः साडेपाचला निघालो, म्हणजे मीही शहाणा नव्हतोच. व्हीटीला गाड्या नाहीत कळल्यावर चालायला लागलो. भायखळ्यापर्यंत वाटत होतं, एवढा काय गोंधळ चाललाय? लालबागच्या पुढे रस्ता पाण्याखाली गेलेला आणि समोरून भिजलेली माणसं परत येत होती. "हिंदमात्याला जाऊ नका," म्हणत होती. एका गणपतीच्या कारखान्यात रात्र काढली. तिथे कारागीर मूर्ती उचलून फळ्यांवर चढवत होते, मीही हात लावला. ओल्या शाडूला हात कुठे लावायचा आणि कुठे नाही हे शिकवायला त्या गडबडीतही एकाला वेळ होता. सकाळी धारावी, मग संकुलाच्या कडेने, कमरेएवढ्या पाण्यातून, दुपारी घरी. वाटेत ठिकठिकाणी लोक बिस्किटं आणि चहा घेऊन उभे होते. याला पुढे 'मुंबईचं स्पिरिट' असं नाव पडलं. चहा देणाऱ्यांना माझा नमस्कार, पण तो शब्द वापरून ज्यांनी आपली सुटका करून घेतली त्यांना नाही.

आईने मला पाहिल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, "पाटा वाहून गेला."

आकडे आणि त्यानंतरचे दिवस

मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली, राज्यभरात हजारावर. साकीनाक्याला डोंगराचा कडा झोपड्यांवर आला आणि एकाच जागी सत्तरच्या आसपास मृत्यू झाले. पाणी ओसरल्यावर जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटलं, त्सुनामी आली अशा अफवेने चेंगराचेंगरी झाली, त्यातही जीव गेले. त्सुनामीला तेव्हा सातच महिने झाले होते, लोकांना दोष काय देणार? तबेल्यांत बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या वासात लेप्टोस्पायरोसिस आला. उंदरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात, आणि त्या पाण्यातून अनवाणी चाललेल्या प्रत्येकाच्या पायाला कुठेतरी खरचटलेलं. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर प्रतिबंधक गोळी घ्या, हे महापालिका हल्ली दर पावसाळ्यात सांगते, त्यामागे तो ऑगस्ट आहे.

मग चौकशी. जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिवरांची तोड थांबवायचा आदेश दिला. आणि १९९३ पासून कागदावर असलेली 'ब्रिमस्टोवॅड' नावाची पावसाळी गटारं सुधारण्याची योजना धूळ झटकून बाहेर काढली गेली. तासाला २५ ऐवजी ५० मिलिमीटरची क्षमता आणि भरतीच्या वेळी पाणी उचलून समुद्रात फेकणारी आठ उदंचन केंद्रं, हे त्या योजनेत २००५ च्या बारा वर्षं आधी लिहिलेलं होतं. त्यांतली हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा पुढच्या पंधराएक वर्षांत झाली. माहुल आणि मोगरा जागेच्या भानगडीत रखडली. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर उपसतो, त्याच्या शेजारी उभं राहिलं की पायाखालची जमीन थरथरते. हिंदमात्याला पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या.

पण माझ्या लेखी सर्वांत कामाचा बदल सर्वांत कमी बोलला गेला. २००६ च्या पावसाळ्यापासून महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवायला सुरुवात केली. आधी दोन डझनांच्या आसपास, पुढे साठपर्यंत. दर पंधरा मिनिटांनी आकडा. मग कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, पुढे उपनगरातल्या वेरावलीला दुसरं, २०२० मध्ये पुराचा अंदाज देणारी 'आयफ्लोज' यंत्रणा. दोन वह्यांच्या जागी साठ वह्या झाल्या. आता मुख्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला खिडकीबाहेर पाहून पाऊस ठरवावा लागत नाही.

९४४ ही ढाल

तरी आकडा काही सुटला नाही. '९४४' हा मुंबईत शब्दच झाला. पाणी तुंबलं की कोणीतरी सांगतं, 'हा काही सव्वीस जुलै नव्हे.' आणि फार तुंबलं की सांगतं, 'इतक्या पावसापुढे कोणाचं चालणार?' दोन्ही वेळा तोच आकडा, एकदा घाबरवायला आणि एकदा हात झटकायला.

२९ ऑगस्ट २०१७ ला सांताक्रूझला ३३१.४ मिलिमीटर झाला, म्हणजे विक्रमाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. शहर थांबलं. उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. २ जुलै २०१९ ला ३७५.२ ची नोंद झाली आणि त्या रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली. दिवसाच्या आकड्याला घाबरायचं तर हे दोन्ही दिवस ९४४ पासून खूप लांब होते. गटाराला दिवस कळत नाही. गटाराला तास कळतो. ३०० मिलिमीटर चोवीस तासांत सावकाश पडला तर मुंबई भिजते आणि कामाला जाते. त्यातले ८० मिलिमीटर भरतीच्या तासात पडले की तीच मुंबई बसते. २००५ मधला लक्षात ठेवायचा आकडा ९४४ नव्हता, १९० होता. पण तो मथळ्यात शोभत नाही.

मग ५ ऑगस्ट २०२० आला आणि पारडं फिरलं. कुलाब्याला ३३१.८, सांताक्रूझला १६२.३. शिवाय कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारं. जे. जे. रुग्णालय, गिरगाव चौपाटी, जिथे पाणी चढत नाही अशी टाऊनच्या लोकांची खात्री होती तिथे चढलं. त्या दिवशी बातम्यांमध्ये जरा जास्त आश्चर्य होतं. मला मेलं हसू आलं, खोटं कशाला सांगू. १९७४ ची वही कोणी उघडून पाहिली असती तर आश्चर्य वाटलं नसतं.

२६ मे २०२५ ला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, आजवरच्या नोंदींतला सर्वांत लवकर. कुलाब्याचा मे महिन्याचा १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम त्या दिवशी मोडला. नव्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात जिन्यावरून पाणी धबधब्यासारखं उतरताना सगळ्यांनी फोनवर पाहिलं. महिना मे, जागा दक्षिण, पाणी जमिनीखाली. २००५ नंतरच्या तयारीत यांतलं एकही गृहीत धरलेलं नव्हतं.

आमच्या इमारतीच्या जिन्यात पाण्याची रेघ होती. माझ्या खांद्याला लागेल अशी, तपकिरी. दोन वेळा रंगकाम झालं, दोन्ही वेळा खालून उमटून आली. तिसऱ्या वेळी सोसायटीने आधी सिमेंटचा लेप दिला आणि मग रंग, तेव्हा गेली. ती राहू द्यावी असं माझं मत होतं, सभेत एक विरुद्ध अकरा पडलं.

आई आता बोरिवलीला बहिणीकडे असते. पाऊस लागला की तिचा फोन येतो. टीव्हीवर सारखं 'मुंबईत मुसळधार' चाललेलं असतं, आवाज मागून ऐकू येतो. ती टीव्हीबद्दल काही विचारत नाही. तिचा प्रश्न ठरलेला : "तुमच्याकडे किती आहे?" मी खिडकीतून पाहून सांगायला लागलो की म्हणते, "खिडकीतून नको. मोरीत बघून ये."